खाकी कागदाचा सीन

डिस्क आली तेव्हा चंद्रभागा गिरणीत दळण टाकून परतत होती. कुरियरवाल्याने जाड पुठ्ठ्याचा डबा तिच्या हातात दिला, मोबाइलवर बोटाने सही घेतली आणि गाडीला किक मारली. डब्यावर तिचा फोटो होता. तिच्या एकटीचा नव्हे, चौदा जणांचा. पण मधोमध तीच होती, हात उगारलेली, डोळे वटारलेली. जिन्यात तांदूळ निवडत बसलेल्या बायकांना नीट दिसावा म्हणून तिने डबा छातीशी धरला आणि रमतगमत घरात शिरली. आपल्याला कौतुक नको असतं असं म्हणणारी माणसं खोटारडी असतात. चंद्रभागा निदान त्या बाबतीत तरी खोटारडी नव्हती.

'उलटी शिलाई' हा सिनेमा येऊन तीन वर्षं होऊन गेली होती. रविराज नावाच्या दिग्दर्शकाने तो कॉलेज रोडवरच्या एका बुटिकमध्ये एकोणीस दिवसांत काढला. फॅशनच्या धंद्यावरचा सिनेमा, पण लिहिलेलं असं त्यात काहीच नव्हतं. कुणाला संवाद पाठ करायचे नव्हते. रविराज सकाळी एकेकाला बाजूला घेऊन कानात सांगायचा, आज तुला काय हवंय. मग कॅमेरा सुरू व्हायचा आणि पुढे जे घडेल ते घडायचं. मालकीण खरी मालकीण, शिंपीण खरी शिंपीण, मॉडेल तेवढ्या दोघी मुंबईहून आणलेल्या. नावंसुद्धा त्याने बदलू दिली नाहीत. "नाव बदललं की माणूस नाटक करायला लागतो, मावशी," तो म्हणायचा, "आपापल्या नावानेच भांडा." सगळ्यांना हे फार पटलं होतं. सांगायला त्याचं काय जात होतं? तो कॅमेऱ्याच्या मागे होता, त्याच्या नावाने कुणी भांडणार नव्हतं.

नाशकात सिनेमा एका थेटरात एक आठवडा चालला, तोही सकाळच्या खेळाला. पण बाहेरच्या देशांत त्याचं नाव झालं, पेपरात लिहून आलं, आणि त्या लिहिण्यात दोन ओळी चंद्रभागेवर होत्या. ते कात्रण तिने लॅमिनेट करून देव्हाऱ्याशेजारी लावलं होतं. आता परदेशातल्या कुठल्याशा हौशी कंपनीने सिनेमाची डिस्क काढली होती. फोनवर सगळं फुकट दिसत असताना डिस्क विकत घेऊन फळीवर रचून ठेवणारी माणसं जगात अजून आहेत म्हणे. असतील बापडी.

या कौतुकाच्या मुळाशी एक बाही होती, ती आधी सांगायला हवी.

चंद्रभागा माहेरची हरसूलची. लग्न होऊन सातपूरला आली, नवरा वाल्मीक कंपनीत लागला आणि ती भाग्यश्री मॅडमच्या बुटिकमध्ये कटिंगला लागली. तिथे तिची बावीस वर्षं गेली. हात वर केला की ब्लाउज वर सरकतो आणि पोट उघडं पडतं, हे बसमधली दांडी धरणाऱ्या आणि फळ्यावर लिहिणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं. बायका एका हाताने दांडी धरतात आणि दुसऱ्याने पदर ओढतात, जन्मभर. चंद्रभागेने काखेत उरेबात, म्हणजे तिरका, कापलेला एक चौकोनी तुकडा असा काही बसवला, की हात सरळ आभाळाकडे केला तरी ब्लाउज जागचा हलेना. त्यासाठी ती दोन वर्षं स्वतःच्याच ब्लाउजांची चिरफाड करत होती. शेवटी जमलं तेव्हा तिने तो कट खाकी कागदावर उतरवला, चार घड्या घातल्या आणि ट्रंकेत लग्नातल्या शालूखाली ठेवला. कधीतरी स्वतःचं दुकान काढायचं, पाटीवर स्वतःचं नाव लावायचं आणि ही बाही विकायची, एवढी एकच इच्छा तिने आयुष्यात धरली होती.

आणि एके दिवशी बुटिकच्या शोमध्ये मॉडेल हात वर करून चालत आली. ब्लाउज हलला नाही. पत्रकावर छापलं होतं, 'भाग्यश्री स्लीव्ह'.

चंद्रभागेने घरी येऊन ट्रंक उघडली. कागद जागेवर होता, पण घड्या उलट्या पडल्या होत्या. खुणा केलेली बाजू ती नेहमी आत ठेवायची, ती बाहेर आली होती. म्हणजे कुणीतरी कागद नेला होता आणि आणून ठेवला होता. मॅडमना जाब विचारायची तिची छाती झाली नाही. नोकरी गेली असती. मग राग काढायला तिने आपल्याहून गरीब माणूस शोधलं. आपण सगळेच शोधतो.

ती सरुबाई होती. पेठकडची, विधवा, बुटिकमध्ये चंद्रभागेच्या शेजारी बसून अकरा वर्षं तुरपाई आणि हुक-काजं करणारी. शोच्या महिनाभर आधी चंद्रभागेला टायफॉइड झाला, तेव्हा आठ दिवस हीच घरी येऊन भाकऱ्या टाकून गेली होती. थंडी वाजत होती म्हणून ट्रंक उघडून गोधडीही तिनेच काढली होती. चंद्रभागेला तेवढं पुरलं. तिने मॅडमसमोर तोंड उघडलं नाही, पण कॉलनीत आणि बुटिकच्या मागच्या खोलीत ज्याला त्याला सांगितलं, की माझा कागद सरूने विकला. बायका सरुबाईजवळ डबा खायला बसेनाशा झाल्या. दोन महिन्यांत ती आपण होऊन काम सोडून गेली. तिच्या जागेवर नाही, पण त्याच बुटिकमध्ये, चंद्रभागेच्या मुलीला, सृष्टीला नोकरी लागली, तीही थेट मॅडमच्या हाताखाली डिझाइनला. बावीस वर्षांच्या इमानाचं हे फळ, असं चंद्रभागेने सगळ्यांना पेढे वाटताना सांगितलं.

वर्षभराने रविराज आला. कुठून तरी त्याच्या कानावर ती भानगड गेली होती, आणि सिनेमावाल्याला भानगड म्हणजे मांजराला दूध. त्याने सरुबाईलाही बोलावून घेतलं. ती आली. काम मिळेल, जुन्या बायका भेटतील, बोलणं पुन्हा सुरू होईल, असं तिला वाटलं असणार. बाराव्या दिवशी त्याने सगळ्यांना मागच्या खोलीत उभं केलं आणि एकेकाच्या कानात सांगितलं. चंद्रभागेला सांगितलं, "मावशी, कागद चोरीला गेलाय. चोर याच खोलीत आहे. कबूल करून घ्या." सरुबाईला सांगितलं, "तुम्हाला फक्त घरी जायचंय." सृष्टीला इस्त्रीच्या टेबलापाशी उभं केलं आणि तिच्याही कानात काहीतरी सांगितलं.

तो सीन अकरा मिनिटांचा झाला. चंद्रभागेने वर्षभर गिळलेलं सगळं ओकून टाकलं. सरुबाईची पिशवी जमिनीवर उलटी केली, त्यातून निघालेला डबा, चष्म्याचं घर आणि औषधाच्या गोळ्या पायाने बाजूला सारल्या, आणि शेवटी तिच्या थोबाडीत मारली. ती थोबाडीत कुणी शिकवलेली नव्हती. कॅमेरा बंद झाल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डब्यावर छापलेला फोटो त्याच क्षणाचा होता.

त्या दिवसानंतर सरुबाईला नाशकातल्या कुठल्याच बुटिकने कामावर ठेवलं नाही. पोरं तिला कागदचोर म्हणायची. सुनेने कपाटाला कुलूप लावलं. आता ती एका खानावळीत पोळ्या लाटायची. यात चंद्रभागेला वाईट वाटण्यासारखं काही दिसत नव्हतं; चोरी केली, भोगते आहे.

तर आता चंद्रभागेने कपाटावरून जुना डीव्हीडी प्लेअर काढला, फडक्याने पुसला आणि रिमोटवरची रबर लावलेली प्लास्टिकची पिशवी सोडली. डिस्क फिरली. पडद्यावर यादी आली: आवाज एक, सिनेमा. आवाज दोन, रविराज, भाग्यश्री आणि सृष्टी यांच्या गप्पा.

या दुसऱ्या आवाजाबद्दल सृष्टीने फोनवर सांगितलं होतं. सृष्टी हल्ली मुंबईला असायची. पुण्याच्या स्टुडिओत तिघांनी बसून सिनेमा बघितला होता आणि बघता बघता जे बोलले ते डिस्कवर घातलं होतं. "पण ते तू लावू नकोस, आई," ती म्हणाली होती, "सगळं इंग्रजीत आहे. तुला कंटाळा येईल."

लेकीचं इंग्रजी ऐकायला कुठल्या आईला कंटाळा येतो? महिन्यातून दोनदा फोन करणारी पोर, तिचा आवाज दोन तास घरात घुमणार होता. चंद्रभागेने आवाज दोन लावला.

इंग्रजी कुठलं काय. तिघं चक्क मराठीत खिदळत होते. पडद्यावरच्या माणसांचा आवाज बारीक झाला होता आणि त्यावर यांच्या गप्पा, चहाच्या कपांचा खडखडाट. मुंबईच्या मॉडेलचा पाय कसा मुरगळला, मॅडमचा ड्रायव्हर कॅमेऱ्यात कसा शिरला. चंद्रभागा गालात हसत ऐकत होती. मग मागची खोली आली, आणि ती सावरून बसली, कारण आता तिचं कौतुक होणार होतं.

"हा तो सीन," रविराज म्हणाला. "एका टेकमध्ये. चंद्रभागामावशींना तोड नाही."

"मी तर घाबरलेच होते," भाग्यश्री मॅडम हसत म्हणाल्या. "मला वाटलं, आता ही इस्त्रीवाली फुटणार आणि माझं नाव घेणार."

"सृष्टी, सांगून टाक आता. तीन वर्षं झाली."

"काय सांगायचं त्यात," सृष्टीचा आवाज आला. अगदी घरात बोलते तसा. "कागद मीच नेला होता. आई टायफॉइडने पडली होती, ट्रंकेची किल्ली उशाशी होती. मॅडमना दाखवला, मॅडमनी फोटो काढले, मी परत ठेवला. मला नोकरी हवी होती."

"आणि मी दिली," मॅडम म्हणाल्या. तिघंही हसले.

"मला हे आधी माहीत होतं," रविराज म्हणाला. "म्हणून तर तुला इस्त्रीपाशी उभं केलं. तुझ्या कानात काय सांगितलं होतं, आठवतं?"

"खरं बोलावंसं वाटलं तर बोल, म्हणाला होतात."

"आणि अकरा मिनिटं हिला वाटलंच नाही. बघा, बघा चेहरा. असा चेहरा शिकवून येत नाही." मग त्याने विचारलं, "हे ठेवू ना? तुझी आई ऐकेल."

"ठेवा की. तिला सांगते इंग्रजीत आहे म्हणून."

चंद्रभागेने रिमोट दाबून चित्र मागे नेलं आणि पुन्हा ऐकलं. मग आणखी एकदा. त्यानंतरच्या वेळी तिने ऐकलं नाही, नुसतं बघितलं. पडद्यावरची चंद्रभागा सरुबाईच्या अंगावर धावून जात होती आणि मागे, इस्त्रीच्या टेबलापाशी, तिची पोटची पोर उभी होती. इतक्या वेळा सिनेमा पाहून तिने तिकडे कधी बघितलंच नव्हतं. ती स्वतःकडेच बघत आली होती.

तिला लेकीचा राग आला, मग स्वतःची शिसारी आली, आणि सरुबाई आठवली. त्या बाईने भाकऱ्या टाकल्या होत्या. तापात तिच्या पायांना तेल चोळलं होतं. चंद्रभागा उठली आणि चपला घातल्या. खानावळ दोन गल्ल्या सोडून होती. जायचं, सगळ्या बायकांसमोर तिचे पाय धरायचे, तिला इथे आणून हा दुसरा आवाज पुऱ्या कॉलनीला ऐकवायचा. ती दारापर्यंत गेलीही होती.

तेवढ्यात फोन वाजला. सृष्टी होती.

"आई, डिस्क मिळाली?"

"मिळाली."

"बघितलीस?"

"आत्ताच लावली व्हती."

"दुसरा आवाज नाही ना लावलास?"

चंद्रभागा दारात उभी होती. जिन्यातल्या बायका अजून तांदूळ निवडत होत्या. "नाय," ती म्हणाली. "इंग्रजी हाय म्हनलीस ना तू."

पलीकडे सुटकेचा श्वास ऐकू आला. मग सृष्टी भराभर बोलायला लागली. गंगापूर रोडवरचा गाळा पक्का झाला होता. दसऱ्याला दुकान उघडायचं. पाटी करायला टाकली होती. "आणि पाटीवर तुझंच नाव, आई. 'चंद्रभागा'. बाकी काही नाही. मोठ्या अक्षरात. मी डिझाइन पाठवते, बघ."

फोनवर पाटीचं चित्र आलं. पितळी रंगाची अक्षरं होती. चंद्रभागेने ती बोटांनी मोठी करून बघितली. मग चपला काढून ती पुन्हा आत आली. लेक चोर ठरली तर ही पाटी कोण लावणार होतं, आणि लावली तरी खाली कोण खरेदीला येणार होतं? शिवाय, सिनेमा बघणाऱ्या जगाने ज्या थपडेला नावाजलं, ती तिने एका निरपराध बाईला मारली होती, हे कळल्यावर कात्रण देव्हाऱ्याशेजारी कसं ठेवायचं? तिने स्वतःला विचारलं, की आता बोलून सरूचे ते दिवस थोडेच परत येणार आहेत. असं विचारणाऱ्या माणसाने उत्तर आधीच ठरवलेलं असतं.

दुपारी दारावर टकटक झाली. सरुबाई उभी होती. खानावळीतून तशीच आली होती, काखेत पिशवी, कोपरापर्यंत पीठ. कागदाची भानगड झाल्यापासून ती या दारात आली नव्हती.

"ताई, जिन्यातल्या बायका म्हनल्या, डबा आला हाय सिनेमाचा."

"आलाय."

"मी थेटरात गेले नव्हते. लाज वाटली." तिने हातावरचं पीठ पदराला पुसलं. "पन लोक म्हनत्यात, मी त्यात कबूल केलंय. सून तर रोज म्हनती. मी म्हनते, नाय. मी कशाला कबूल करू? मला तर आठवतं, मी नाय नाय म्हनत व्हते. तेवढं एकदा माझ्या डोळ्यानं बघू द्या. मंग मी जाते."

चंद्रभागेने तिला आत घेतलं. बसायला पाट दिला. रिमोट हातात घेतला तेव्हा पडद्यावर तीच यादी होती, आवाज एक, आवाज दोन. एका बोटाचं काम होतं. सरुबाई पाटावर पुढे सरकून बसली होती, शाळेत निकाल ऐकायला आलेल्या आईसारखी.

चंद्रभागेने आवाज एक लावला आणि थेट मागची खोली काढली.

सरुबाईने सगळा सीन न हलता बघितला. पिशवी उलटी झाली तेव्हा तिचा हात नकळत मांडीवरच्या पिशवीवर गेला. पडद्यावर ती खरंच नाही नाही म्हणत होती. आठ मिनिटं म्हणत होती, नऊ मिनिटं म्हणत होती. पाटावरची सरुबाई मान हलवून स्वतःला दुजोरा देत होती. मग थोबाडीत बसली. पडद्यावरची सरुबाई भिंतीला टेकली, पदर तोंडात कोंबला आणि म्हणाली, "घेतला. मीच घेतला कागद. आता जाऊ द्या मला घरी."

तिला घरी जायचं होतं. त्या दिवशी तिला एवढंच सांगितलेलं होतं, आणि तिने ते इमानाने केलं होतं.

चंद्रभागेने चित्र थांबवलं. पाटावरच्या बाईने बराच वेळ पडद्यावरच्या बाईकडे बघितलं.

"म्हंजी म्हनले व्हते मी," सरुबाई म्हणाली.

चंद्रभागेने पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला.

"मला वाटायचं, लोक खोटं बोलत्यात. सून खोटं बोलती. तीन वर्सं भांडले मी तिच्याशी." तिने पदराने डोळे पुसले, पीठ गालाला लागलं. "कवा घेतला ते काय ध्यानात नाय, ताई. देवाशप्पथ नाय. पन तुमची गोधडी काढली व्हती मी. तवाच हात गेला आसंल. मानसाला काय समदं आठवतं का?"

अजूनही वेळ होती. रिमोट चंद्रभागेच्या हातातच होता. तिच्या मांडीवरचा फोन उजळला. सृष्टीने पाटीचं आणखी एक चित्र पाठवलं होतं, या वेळी लाल अक्षरांत.

सरुबाई पाटावरून उठली, वाकली आणि चंद्रभागेच्या पायांना तिने हात लावला. "तुमचं लय मोठं नुकसान केलं मी. आनि उलट तुमच्याच नावानं बोटं मोडत बसले. माफ करा मला."

चंद्रभागेच्या पायांवर पिठाची बोटं उमटली. तिने पाय मागे घेतले नाहीत.

"जाऊ दे, सरू," ती म्हणाली. "केलं माफ."